तिजारे सरांचं सातवं लक्षण

तमाम नागपूरकरांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आपल्या शहरातल्या एका कॉलेजच्या एकशे अठरा विद्यार्थ्यांनी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत एका प्रश्नाला एकच चुकीचं उत्तर लिहिलं. शब्दाला शब्द, कॉमाला कॉमा. आणि ते उत्तर त्या प्रश्नाचं आजवर लिहिलं गेलेलं सगळ्यांत बरोबर उत्तर होतं. ज्यांना हे ऐकून आदरानं उभं राहावंसं वाटेल त्यांनी उभं राहावं. बाकीच्यांनी बसून वाचलं तरी माझी हरकत नाही. ज्यांच्यामुळे हे घडलं ते तिजारे सर मात्र जिथं कुठं असतील तिथं उभेच असतील. सतरा वर्षांच्या ओळखीत मी त्यांना खुर्चीत नीट बसलेलं एकदाही पाहिलं नाही.

वामन तिजारे, इंग्रजीचे प्राध्यापक. सीताबर्डीपासून चालत दहा मिनिटांवर आमचं कॉलेज. नाव सांगत नाही, सांगितलं तर वाचणाऱ्यांतले निम्मे तिथलेच निघतील आणि माझ्याशी भांडायला येतील. सर त्या विभागातले सगळ्यांत जुने आणि मी सगळ्यांत नवा, कच्च्या नोकरीतला. उंच, किडकिडीत माणूस. बंद गळ्याचा कोट बाराही महिने अंगात. मे महिन्यात कोटाखाली काय होत असेल याची आम्ही स्टाफरूममध्ये चर्चा करायचो. कोटाच्या दोन्ही खिशांत खडूचे तुकडे, आणि वरच्या खिशात एक घडी घातलेला कागद. तो कागद म्हणजे किरकोळ रजेचा अर्ज. सही केलेला, तारीख न घातलेला.

"तारीख काहून नाही टाकली, सर?" मी एकदा विचारलं.

"कोणत्या दिवशी भीती वाटन ते आधी कसं सांगता येईन?"

कारण सर भित्रे होते. हे मी प्रेमानं लिहितो आहे. व्हरांड्यात समोरून प्राचार्य येताना दिसले की सर हाताशी येईल त्या वर्गात शिरायचे आणि शिकवायला लागायचे. एकदा असेच ते वनस्पतिशास्त्राच्या वर्गात शिरले. तिथल्या मुलांनी सवयीनं वह्या काढल्या आणि प्राचार्य निघून जाईपर्यंत पाऊण पान इंग्रजी कादंबरीचं उतरवून घेतलं. त्या वर्षी वनस्पतिशास्त्राच्या एका वहीत मुळांचे प्रकार आणि नायकाची शोकांतिका एकाच पानावर होती, असं म्हणतात.

भित्रे, आणि पायाला भिंगरी. स्टाफरूममध्ये आम्ही बसून चहा प्यायचो, ते कप हातात घेऊन दार ते कपाट, कपाट ते दार. त्यांच्या रस्त्यातल्या खुर्च्या आम्हीच सरकवून ठेवायचो. प्रताप नगरात त्यांचं घर होतं. तेव्हा तिकडं घरं कमी आणि तुरीची शेतं जास्त. तिथून ते रोज सायकल घेऊन यायचे. सायकलवर बसून नव्हे, सायकल हातात धरून, तिच्या बाजूनं चालत.

"मग सायकल कशाला आणता?"

"हाताले काहीतरी लागते ना."

सिनेमाला घेऊन गेलो तर मध्यंतरात बाहेर पडायचे ते परत आतच यायचे नाहीत. थिएटरच्या पायऱ्यांवर वरखाली करत राहायचे आणि सुटल्यावर मला गाठून म्हणायचे, "मग? पुढं काय झालं?" मी सांगायचो. अर्ध्या सिनेमांचे शेवट मी मनानंच बदलून सांगितले. त्यांना ते जास्त आवडले.

घरात त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, भाकरी थापता थापता ओरडायच्या, "अवो, बसा ना जराशे! माह्या डोळ्यासमोर काहून गरगर फिरून राहिले?" सर बसायचे. तव्यावरची भाकरी फुगेपर्यंत. मग उठायचे.

पण वर्गात त्यांचं हे फिरणं म्हणजे एक घड्याळ होतं. दारापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं, अकरा पावलांत एक वाक्य. सर नोट्स द्यायचे. आता काही विद्वान मंडळी नाक मुरडतील की नोट्स देणं म्हणजे काय शिकवणं! त्यांनी मुरडावं. विदर्भातल्या खेड्यांतून आलेली, इंग्रजी सातवी-आठवीत पहिल्यांदा पाहिलेली मुलं त्या नोट्सवर पास झाली, मास्तर झाली, तहसील कचेरीत लागली. सर तोंडानं सांगायचे, मुलं उतरवायची, आणि सर विरामचिन्हांसकट सांगायचे. "नायक कॉमा जो स्वभावाने साधा आहे कॉमा आता विचार करू लागतो फुलस्टॉप." एकदा मध्येच वारा आला म्हणून सर म्हणाले, "ती खिडकी लाव रे," आणि मागच्या बाकांवरच्या तीस जणांनी ते वहीत लिहिलं. वही तपासताना सरांना ते सापडलं. त्यांनी खोडलं नाही. शेवटी फुलस्टॉप राहिला होता, तेवढा दिला.

एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नात त्यांना दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. सर मांडवात येरझारा घालत म्हणाले, "उभयतांना कॉमा माझे आशीर्वाद फुलस्टॉप." मी शपथेवर सांगतो, जेवायला बसलेल्यांतल्या चौघांनी पेन काढलं.

आता त्या कादंबरीकडं येतो. ती आमच्या अभ्यासक्रमात पंधरा वर्षं होती. विलायती, जुनी, आणि इतकी थोर की कुणी आपणहून वाचत नसे. त्यात एक शहर होतं. त्या शहरात रोज सकाळी भोंग्यावरून हवामान सांगितलं जायचं, आणि सांगितलं तेच हवामान. खरं काहीही असो. असल्या समाजाला म्हणायचा एक अवघड इंग्रजी शब्द आहे. प्रश्नपत्रिकेत दर दोन वर्षांनी तो यायचाच: या कादंबरीतील दुःस्वप्नासारख्या समाजाची लक्षणे सांगा. सरांच्या नोट्समध्ये ती लक्षणं सात होती. पण नोट्स द्यायच्या आधी ते एक तास नुसतं बोलायचे, आणि त्या तासाला दुसऱ्या वर्गांतली पोरं येऊन दारात उभी राहायची. मीही राहायचो.

"समजा, मे महिना हाय," सर दारापासून निघायचे. "सेहेचाळीस डिग्री. बर्डीवर डांबर पाघळून राहिलं. चपला चिपकून राहिल्या. अन् भोंग्यावरून आवाज आला, आज हवा आल्हाददायक आहे, नागरिकांनी स्वेटर घालावे. काय कराल?"

"स्वेटर घालू, सर!" पोरं हसत.

"घालाल. अन् बाहेर पडाल. घाम येईन. पुसायचा नाही. घाम पुसणं गुन्हा हाय. शेजारचं लेकरू पाहून राहिलं तुमच्याकडं, त्याले बक्षीस हाय सांगायचं. घरात थर्मामीटर ठेवला तं पोलीस. आजीले मागचा उन्हाळा आठवते म्हणून आजीले घेऊन गेले."

"सर, मरन ना माणूस असा!"

"मरन." सर खिडकीशी पोचलेले असायचे. "पण आल्हाददायक हवेत मरन. लिहा."

नागपूरकराकडून उन्हाळ्याची तक्रार काढून घेतली तर त्याच्याजवळ बोलायला उरतं काय? पोरांना ती कादंबरी तिथं कळायची. अवघड शब्दाचं काम संपलेलं असायचं.

मग आणीबाणी आली. त्यावर मी राजकीय भाष्य करणार नाही. ते करणारे पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेचसे तेव्हा गप्प होते. मी फक्त सरांच्या गल्लीतलं सांगतो. सरांच्या समोरच्या घरातले एक शाळामास्तर एका पहाटे नेले. घरची माणसं सांगायची, "गावाले गेले." आठ महिने ते गावालाच होते. आम्हीही विचारायचो, "आले का गावाहून?" सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि सगळे गावाची चौकशी करत होते.

त्या डिसेंबरात प्राचार्यांनी सरांना बोलावलं. विभागात मोजून आम्ही दोघेच हजर, म्हणून मलाही सोबत नेलं. थंडी चांगलीच होती त्या वर्षी. दाराबाहेर स्टुलावर शिपाई गुलाबराव कान झाकून, मफलरीत गुरफटून बसलेला. प्राचार्यांनी आम्हाला आत घेतलं, दार ओढून घेतलं, आणि बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले.

"तिजारे, तुमची ती लक्षणं. पहिली सहा ठीक आहेत. हवामानाची आहेत. हवामानाला कुणाची हरकत नाही. ते सातवं जरा... यंदा राहू द्या."

"वरून काही आलं का, साहेब?"

"वरून काही आलेलं नाही. पण येईल ना. आल्यावर राहू देण्यापेक्षा आधीच राहू दिलेलं बरं."

"लेखी देता का?" सरांनी विचारलं. बंडखोरी म्हणून नव्हे. त्यांना सगळंच लेखी लागायचं.

"लेखी कशाला? तोंडी सांगतो आहे ना मी!"

सर कपाळाचा घाम पुसत बाहेर आले. डिसेंबरात.

पुढच्या आठवड्यात सरांनी लक्षणं सांगितली. मी शेजारच्या वर्गात होतो, मध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत. सहावं लक्षण झालं. सरांची पावलं खिडकीशी थांबली. मग परत निघाली, आणि नेहमीच्या सुरात, नेहमीच्या चालीत आवाज आला:

"लक्षण सातवे कोलन हे लक्षण प्राचार्यांच्या तोंडी सूचनेवरून वगळले आहे फुलस्टॉप."

एकशे अठरा पेनांनी ते उतरवलं.

मी तास संपताच धावत गेलो. "सर, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"वगळलं म्हणून सांगितलंत! नुसतं सोडून द्यायचं होतं ना!"

सर खरोखर गोंधळले. मग व्हरांड्यात फिरता फिरता त्यांनी मला समजावलं. त्यांचे वडील आर्वीच्या कचेरीत नक्कलनवीस होते. दस्तऐवजांच्या हातानं नकला करायच्या, हेच आयुष्यभराचं काम. त्या कामाचा नियम असा की, नक्कल करताना एखादा शब्द खोडला, गाळला, तर बाजूच्या समासात लिहायचं: एक शब्द खोडला. कुणी सांगितलं म्हणून गाळला, ते लिहायचं. खाली सही. तेवढं नसलं तर सबंध नक्कलच खोटी. "लहानपणी पाढ्याच्या आधी हे शिकलो मी," सर म्हणाले. "नंबर सहानंतर नंबर आठ आला असता तं पोरांनी विचारलं असतं सात कुठं गेला. नंबर टाकून पुढं जाता येत नाही गा मले."

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

त्यांनी वरचा खिसा चाचपला. "आता वाटून राहिली."

मार्चमध्ये परीक्षा. प्रश्न आलाच. आमच्या पोरांनी सहा लक्षणं लिहिली आणि सातवं म्हणून ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. सरांनी सांगितलं म्हणजे ते उत्तर. मजा अशी की, त्यांतल्या निम्म्यांच्या घरी मोठ्या भावाच्या, बहिणीच्या जुन्या वह्या होत्या, त्यात सातवं लक्षण पूर्ण होतं. पण यंदाच्या नोट्स यंदाच्या.

पेपर तपासणारे गृहस्थ दुसऱ्या गावचे. पहिल्या उत्तरपत्रिकेत ते वाक्य वाचून हसले असतील. विसाव्या उत्तरपत्रिकेनंतर त्यांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं: या केंद्रावर सामूहिक कॉपी झालेली आहे. एकशे अठरा निकाल राखून ठेवले गेले.

मे महिन्यात चौकशी लागली. विद्यापीठाचे एक उपकुलसचिव येणार होते. त्याच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी सरांच्या हातात टाइप केलेला एक कागद दिला. त्यात चारच ओळी. "सदर वाक्य मी वर्गात सांगितलेले नाही" ही मुख्य. सही केली की सर मोकळे. मग दोष पोरांचा, त्यांनी बाहेरून कुठून तरी आणून लिहिलं, आणि सगळ्यांना दोन-दोन वर्षं परीक्षेला बंदी. सही नाही केली तर प्रश्न उभा राहणार की प्राचार्यांनी, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, कधीही न दिलेली सूचना त्यांच्या नावावर खपवून, त्या दिवसांत, भर वर्गात, हे कोण सांगत होतं? निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाला निलंबन हा त्यातला सौम्य शेवट होता. समोरच्या घराचा दरवाजा सर रोज बघत होते.

संध्याकाळी मी प्रताप नगरात गेलो तर अंगणात शोभा राऊत उभी. हिंगणघाटच्या बाजूच्या खेड्यातली मुलगी, तिच्या घराण्यात कॉलेजात आलेली पहिली. तिच्यासोबत तिचे वडील, डोक्यावरचा रुमाल हातात घेऊन.

"सर, मले बी.एड.ची सीट भेटली," शोभा म्हणाली. "पंधरा दिवसांत मार्कशीट द्या म्हणते. नाही तं सीट गेली. अन् सीट गेली तं..." तिनं वडिलांकडं पाहिलं.

वडील म्हणाले, "पोरीनं कॉपी केली म्हणते गावात. केली का जी मास्तर?"

"नाही केली," सर म्हणाले.

"मंग तुम्ही सांगान ना तसं?"

सर अंगणात फिरत होते. तुळशीला वळसा, विहिरीला वळसा, परत तुळस. वहिनी दारातून पाहत होत्या. नेहमीप्रमाणे बसा म्हणाल्या नाहीत. शेवटी त्याच म्हणाल्या, "पोरी, चहा घे वं. ते सांगतीन. फिरून झालं का सांगतीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्राचार्यांच्या खोलीत आम्ही चौघे; विभागातला म्हणून मलाही बोलावलेलं. उपकुलसचिव टक्कल पडलेले, दमलेले, मानेवर ओला नॅपकिन. माणूस सरळ होता. त्यांनी ती कादंबरी वाचलेली नव्हती आणि तसं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. गुलाबराव माठातल्या पाण्याचे पेले ठेवत होता. बाहेर रस्ता भाजत होता.

"तिजारे, सही झाली का?" प्राचार्यांनी विचारलं.

सरांनी कागद टेबलावर ठेवला. "यात एक दुरुस्ती होती, साहेब."

आम्ही सगळे वाकलो. "सांगितलेले नाही" यातल्या "नाही"वर एक सरळ रेघ. बाजूला समासात सुबक अक्षरात: एक शब्द खोडला. आणि खाली सही, वामन तिजारे. आणि तारीख. त्या माणसानं घातलेली मी पाहिलेली पहिली तारीख.

"म्हणजे तुम्ही हे वर्गात सांगितलं?" उपकुलसचिव म्हणाले.

"सांगितलं. पोरांनी कॉपी नाही केली. मी सांगितलं ते लिहिलं. ते माह्यावर विश्वास ठेवतात हा त्यांचा दोष असन तं तेवढा धरा."

"आणि ही प्राचार्यांची सूचना?"

"दिली होती. डिसेंबरात. तोंडी."

"मी असं काहीही बोललेलो नाही," प्राचार्य शांतपणे म्हणाले. "लेखी असेल तर दाखवा म्हणावं."

उपकुलसचिवांनी नॅपकिन उलटा केला. "एक सांगा तिजारे, हे सातवं लक्षण आहे तरी काय? ज्याच्यासाठी एवढं रामायण?"

सर उठले. उठले म्हणजे काय, खुर्चीच्या काठावर टेकले होते ते सरळ झाले, आणि दारापासून निघाले. आवाज कापत होता, पण चाल तीच.

"लक्षण सातवे कोलन. या शहरात हुकूम देणारा कधीच सापडत नाही सेमीकोलन. कारण ज्यांनी ज्यांनी हुकूम ऐकला कॉमा ते सगळे म्हणतात कॉमा आम्ही काही ऐकलेच नाही फुलस्टॉप."

खिडकीशी पोचले तेव्हा उपकुलसचिवांच्या पॅडवर हे सगळं उतरलेलं होतं. फुलस्टॉपसकट. त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी खोलीत आणखी कोणी होतं?"

सर खिडकीबाहेर पाहत राहिले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी आजही सांगतो, घेतलं नाही. नाव प्राचार्यांनीच घेतलं, अगदी निर्धास्तपणे. "हे होते ना. विचारा यांनाच."

इथं मी जरा थांबतो आणि पुढचं आधी सांगून टाकतो. निकाल जूनच्या आत लागले. एकशे अठराच्या एकशे अठरा उत्तरपत्रिकांवर सातव्या लक्षणाला पूर्ण गुण द्यावेत, असा शेरा गेला. शोभा राऊत बी.एड. झाली. प्राचार्यांचं काही वाईट झालं नाही. त्यांच्यासारख्यांचं होत नसतं. सरांचं निलंबन झालं नाही, पण शेवटच्या वर्षाचे वर्ग त्यांच्याकडून काढून त्यांना पहिल्या वर्षाची पत्रलेखनाची तासिका देण्यात आली. दोन वर्षं त्यांनी "महोदय कॉमा" सांगितलं आणि निवृत्त झाले. गुलाबरावची बदली जिमखान्यात झाली, तिथं तो वजनं पुसायचा.

सर मला शेवटचे दिसले ते मनीषनगरच्या बाजूला, नव्या प्लॉटांचे दगड रोवले जात होते तिथं. सायकल हातात. थकले होते, पण थांबले नाहीत; मलाच त्यांच्या बाजूनं चालावं लागलं. घर, मुलं, कॉलेज सगळं विचारलं. "मग? पुढं काय?" असं दोनदा म्हणाले. त्या दुपारचं एका शब्दानं काढलं नाही. मी काढायला गेलो, तर सायकलची घंटी वाजवली. रस्त्यावर कुणीही नव्हतं. मग एका दगडाला वळसा घालून ते तसेच उन्हातून पुढं गेले, सायकल आणि ते, दोघं चालत.

हे सगळं ज्या एका वाक्यामुळे सुरळीत झालं ते वाक्य सरांचं नव्हतं. माझं तर नव्हतंच. मी त्या खोलीत काय बोललो ते कधी कुणाला सांगितलेलं नाही. आज सांगतो.

उपकुलसचिव माझ्याकडं पाहत होते. प्राचार्य पाहत होते. सर पाहत नव्हते. माझी नोकरी कच्ची होती. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता, आणि डोक्यावर तो जुना पंखा खडखड करत गरगरत होता. मी वर पाहिलं, आणि मला वाटलं, सुटलो.

"मी होतो, साहेब," मी म्हणालो. "पण काय बोलणं झालं ते मला नीट ऐकू आलं नाही. पंख्याचा फार आवाज होता."

उपकुलसचिवांनी पेन उचललं. प्राचार्यांनी मान डोलावली. आणि पाण्याचा रिकामा पेला उचलता उचलता, कुणी काही विचारलेलं नसताना, गुलाबरावच्या तोंडून निघून गेलं:

"डिसेंबरात पंखा कोण लावते जी?"